अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे सुरुवातीचे संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘फुटबॉल’ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आपल्या नेहमीच्या फुटबॉलला इथे सॉकर म्हटलं आहे. एक यार्ड म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. काळ १८६९ ते १९१३ एवढाच धरला आहे.

१. पहिला सामना नेमका कधी, कुठे आणि कुणाकुणात झाला?

६ नोव्हेंबर १८६९ रोजी, न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावात, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात. रटगर्सने ६–४ असा जिंकला. एकेका बाजूला २५ खेळाडू, म्हणजे मैदानात एकाच वेळी ५० जण. मैदान ३६० फूट लांब आणि २२५ फूट रुंद, गोलचे खांब एकमेकांपासून आठ पावलांवर. बघायला शंभरेक माणसं होती. गणवेश नव्हताच, त्यामुळे आपला कोण हे कळावं म्हणून रटगर्सच्या काही मुलांनी डोक्याला लाल फडकी गुंडाळली होती. रटगर्सचा कप्तान विल्यम लेगेट, प्रिन्स्टनचा विल्यम गमिअर. हा गमिअर पुढे न्यू जर्सी राज्याचा मुख्य न्यायाधीश झाला.

आठवड्याने, १३ नोव्हेंबरला, प्रिन्स्टनने आपल्या मैदानावर ८–० ने परतफेड केली. तिसरा सामना ठरला होता, पण झाला नाही.

२. पण तो सामना तर सॉकरसारखा होता ना? मग त्याला अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना का म्हणतात?

शंका रास्त आहे. चेंडू गोल होता, तो हातात घेऊन पळायला किंवा फेकायला मनाई होती. लाथ मारायची, डोक्याने किंवा हाताने टोलवायचा, एवढंच. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांवरून बेतलेला हा खेळ होता, आणि घरचा संघ आपले नियम लावायचा. प्रिन्स्टनमधल्या दुसऱ्या सामन्यात चेंडू झेलला की मोकळी किक मिळत होती.

तरी मान १८६९ ला मिळतो, कारण दोन कॉलेजांच्या संघांनी ठरवून खेळलेला आणि पुढे अखंड परंपरा सुरू करणारा हा सामना आहे. १८७० मध्ये कोलंबिया आलं, १८७२ मध्ये येल. खेळाच्या दृष्टीने पाहिलं तर मात्र आजच्या फुटबॉलचं मूळ १८७४ च्या हार्वर्ड–मॅगिल सामन्यात (प्रश्न ३) आणि १८८० ते १८८२ च्या नियमांत (प्रश्न ५) शोधावं लागतं. वर्धापनदिन एका खेळाचा आणि वारसा दुसऱ्याचा, असा हा मामला आहे.

३. हार्वर्ड सुरुवातीच्या बैठकीला का आलं नाही?

ऑक्टोबर १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन, रटगर्स आणि कोलंबिया न्यू यॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलात जमले आणि त्यांनी समान नियम लिहिले. त्यात एका बाजूला २० खेळाडू होते आणि बाज सॉकरचाच होता. हार्वर्डमध्ये मात्र ‘बोस्टन गेम’ चालायचा. त्यात चेंडू उचलून पळता यायचं आणि हार्वर्डला ते सोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी निमंत्रण नाकारलं.

आता हार्वर्डला खेळायला कुणी उरलं नाही. तेव्हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून मॅगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डच्या गावी, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आला. १४ मे १८७४ रोजी बोस्टनच्या नियमांनी सामना झाला, तो हार्वर्डने ३–० असा सहज जिंकला. दुसऱ्या दिवशी मॅगिलच्या रग्बी नियमांनी खेळले, तेव्हा ०–० बरोबरी झाली. हार्वर्डच्या मुलांना हरवायला आलेल्यांचा खेळ स्वतःच्या खेळापेक्षा जास्त आवडला आणि त्यांनी तोच उचलला. ज्या कॉलेजाने बैठकीला पाठ फिरवली, त्याच्याच पसंतीचा खेळ शेवटी सगळ्यांना खेळावा लागला.

४. मग बाकीची कॉलेजं रग्बीकडे कशी वळली?

१३ नोव्हेंबर १८७५ ला हार्वर्ड आणि येल न्यू हेवनच्या हॅमिल्टन पार्कवर पहिल्यांदा भिडले. नियमांत दोघांनी थोडी थोडी माघार घेतली होती, पण पारडं रग्बीकडे झुकलेलं होतं. हार्वर्ड ४–० ने जिंकलं. हरूनही येलला हा खेळ पटला.

२३ नोव्हेंबर १८७६ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमध्ये मॅसासॉइट हाउस या हॉटेलात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबियाचे प्रतिनिधी बसले आणि रग्बीचे नियम किरकोळ फेरफार करून स्वीकारले. इंटरकॉलेजिएट फुटबॉल असोसिएशन इथली. येल चर्चेत होतं, सामनेही खेळत राहिलं, पण सदस्य झालं १८७९ मध्ये. कारण खेळाडूंची संख्या. संघटनेने १५ ठरवले, येलला ११ हवे होते. १८७३ मध्ये इंग्लंडच्या ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी ते ११–११ असे खेळले होते आणि तेव्हापासून त्यांनी हा हट्ट धरला होता.

५. वॉल्टर कॅम्पला ‘जनक’ म्हणतात. त्याने प्रत्यक्षात केलं काय?

रग्बीत चेंडूभोवती दोन्ही संघ रेटारेटी करतात आणि चेंडू कुणाकडे निघेल ते नशिबावर असतं. येलच्या कॅम्पने १८८० मध्ये ही अनिश्चितता काढून टाकली. चेंडू एका संघाच्या ताब्यात राहील, दोन्ही संघ समोरासमोर रेषेवर उभे राहतील, मधला खेळाडू चेंडू मागे देईल आणि तो घेणारा क्वार्टरबॅक. सुरुवातीला चेंडू हाताने नाही, पायाने मागे सारायचे. त्याच वर्षी खेळाडू ११ झाले आणि मैदान ११० यार्ड लांब, ५३⅓ यार्ड रुंद ठरलं. रुंदी आजही तीच आहे.

या नियमात एक मोठं भोक होतं. चेंडू कितीही वेळ ताब्यात ठेवता येत होता. १८८१ च्या येल–प्रिन्स्टन सामन्यात पहिला अर्धा भाग प्रिन्स्टनने चेंडू धरून काढला, दुसरा येलने. निकाल ०–०, प्रेक्षक वैतागले. त्यावर १८८२ मध्ये उपाय आला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक ‘डाउन’. गंमत अशी की त्याच नियमात दहा यार्ड मागे गेलात तरी चेंडू तुमच्याकडेच राहायचा, आणि चलाख संघ त्याचाही फायदा घ्यायचे. पाच यार्ड मोजता यावेत म्हणून मैदानावर दर पाच यार्डांना चुन्याची रेघ आली.

पुढच्या बहुतेक नियमांची हीच चाल आहे. कुणीतरी पळवाट शोधतो, एक-दोन हंगाम सगळे ती वापरतात, मग समिती ती बुजवते आणि नवी उघडते. कॅम्प १९२५ मध्ये वारला तोही नियम समितीच्या बैठकीसाठी न्यू यॉर्कला गेलेला असताना.

६. जुन्या सामन्यांचे स्कोअर विचित्र दिसतात. ४–०, ५–०, ६–४ यांचा अर्थ कसा लावायचा?

आधी वर्ष बघा, मग त्या वर्षाचा भाव लावा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण लोक आजचे गुण धरून बेरीज करतात.

१८७६ ते १८८२ गुण नव्हतेच. टचडाउन (चेंडू घेऊन विरोधी संघाच्या गोलरेषेपलीकडे जाणं) आणि गोल (किक मारून चेंडू खांबांमधून घालवणं) वेगवेगळे मोजत आणि एक गोल चार टचडाउनच्या बरोबरीचा धरत. टचडाउनचं मुख्य मोल म्हणजे त्यानंतर गोलवर किक मारायचा हक्क मिळायचा. १८८३ मध्ये गुण आले: टचडाउन २, त्यानंतरची किक ४, मैदानातून मारलेला गोल ५, सेफ्टी (समोरच्या संघाचा चेंडू त्याच्याच गोलरेषेमागे अडणं) १. लाथेची किंमत पळण्यापेक्षा जास्त, हे रग्बीचं जुनं वळण अजून सुटलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी ते उलटलं: टचडाउन ४, नंतरची किक २, सेफ्टी २, मैदानी गोल ५ च. १८९८ पासून टचडाउन ५ आणि किक १. मैदानी गोल १९०४ मध्ये ४ वर आणि १९०९ मध्ये ३ वर आला. टचडाउनला ६ गुण १९१२ पासून.

उदाहरणं घेऊ. १८९२ ला येलने हार्वर्डला ६–० हरवलं, म्हणजे एक टचडाउन (४) आणि किक (२). दोन मैदानी गोल नव्हेत. १९०३ चा हार्वर्ड १२, कार्लाइल (प्रश्न १४) ११ हा निकाल: हार्वर्डची दोन टचडाउन आणि दोन्ही किक (६+६), कार्लाइलचा एक मैदानी गोल (५), एक टचडाउन आणि किक (६). १९११ मध्ये कार्लाइलने हार्वर्डला १८–१५ हरवलं, त्यात चार मैदानी गोल प्रत्येकी ३ चे, म्हणजे १२, अधिक टचडाउन-किकचे ६.

७. १३¾–० असा स्कोअर वाचला. छपाईची चूक आहे का?

नाही. ९ एप्रिल १८८० ला केंटकीमध्ये केंटकी युनिव्हर्सिटीने सेंटर कॉलेजला हरवलं, त्या सामन्याचा हाच निकाल नोंदला जातो. १८८३ च्या आधी सर्वमान्य गुणपद्धत नसल्याने दोन कप्तान ठरवतील ते गुण. असे स्कोअर आजच्या पद्धतीत बदलून लिहू नका, जसे आहेत तसेच ठेवा. या कॉलेजच्या नावाचाही घोळ आहे, त्यासाठी प्रश्न १५.

८. प्रशिक्षक नव्हते तर संघ चालवायचं कोण?

कप्तान. संघ निवडणं, सराव घेणं, डाव ठरवणं सगळं विद्यार्थी कप्तानाकडे, आणि पैसा विद्यार्थी व्यवस्थापकाकडे. सामना सुरू असताना बाहेरून सूचना देणं कमीपणाचं मानत. आदल्या वर्षांचे खेळाडू मात्र सरावाला येऊन शिकवत.

येलमध्ये १८८८ साली कॅम्प दिवसा घड्याळाच्या कंपनीत नोकरी करायचा. दुपारच्या सरावाला त्याची बायको ॲलिस मैदानाच्या कडेला उभी राहून कोण कसा खेळला ते टिपून ठेवायची. संध्याकाळी खेळाडू घरी आले की त्या टिपणांवरून चर्चा व्हायची. त्या वर्षी येल १३ च्या १३ सामने जिंकलं, एकूण गुण ६९८, विरुद्ध शून्य.

पगारी प्रशिक्षकाला कॉलेजच्या नोकरीत मानाची जागा दिली ती शिकागो विद्यापीठाने, १८९२ मध्ये, ॲमॉस अलोंझो स्टॅगला.

९. खेळाडू खरोखर त्या कॉलेजचे विद्यार्थी असत का?

कागदोपत्री बहुतेक असत. पात्रतेचे नियम इतके ढिले होते की एका सामन्यापुरता ‘प्रवेश’ घेता यायचा. १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचा फील्डिंग योस्ट अचानक लाफायेत कॉलेजकडून पेनसिल्व्हेनियाविरुद्ध उतरला. लाफायेत ६–४ ने जिंकलं, पेनसिल्व्हेनियाची सलग ३६ विजयांची मालिका तुटली आणि योस्ट काही दिवसांत परत वेस्ट व्हर्जिनियात. हाच योस्ट पुढे मिशिगनचा नामांकित प्रशिक्षक झाला. १ जानेवारी १९०२ ला पॅसडीनात स्टॅनफर्डला ४९–० धुणारा संघ त्याचाच.

उघडपणे पैसे देणं कॉलेजांत नव्हतं, क्लबांत होतं. येलचा माजी खेळाडू विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर याला १२ नोव्हेंबर १८९२ च्या सामन्यासाठी ॲलेगेनी क्लबने ५०० डॉलर दिले. व्यावसायिक फुटबॉलची पहिली नोंद तीच धरतात. असल्या प्रकारांना आळा घालायला मध्य-पश्चिमेतली विद्यापीठं १८९५ मध्ये शिकागोत जमली. ‘बिग टेन’ ही विद्यापीठांची आजची क्रीडा संघटना त्यातून उभी राहिली.

१०. ‘फ्लाइंग वेज’ हा डाव काय होता आणि तो बंद का पडला?

१९ नोव्हेंबर १८९२, स्प्रिंगफील्ड, हार्वर्ड विरुद्ध येल. डाव काढणारा लोरिन डीलँड हा स्वतः कधी फुटबॉल खेळलेला नव्हता. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला हार्वर्डचे खेळाडू दोन टोळ्या करून मैदानाच्या दोन्ही कडांना, चेंडूपासून सुमारे २५ यार्ड मागे उभे राहिले. इशारा होताच दोन्ही टोळ्या तिरप्या धावत मध्यभागी येऊन मिळाल्या आणि पाचरीचा आकार झाला. तेव्हा किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकला, चेंडूला पाय नुसता लावला तरी चालायचं. कप्तानाने पाय लावून चेंडू उचलला, मागच्या खेळाडूकडे दिला आणि पूर्ण वेगात आलेली पाचर येलच्या एका जागच्या जागी उभ्या खेळाडूवर आदळली. तरीही सामना येलनेच जिंकला (प्रश्न ६).

पुढच्या हंगामात सगळेच हा डाव खेळू लागले आणि दुखापती वाढल्या. १८९४ मध्ये नियम झाला की किकऑफचा चेंडू किमान दहा यार्ड गेलाच पाहिजे. पाचर संपली, पण घोळक्याने रेटायचे इतर डाव चालूच राहिले. १८८८ पासून कमरेखाली, गुडघ्यापर्यंत पकडायची परवानगी मिळाली होती. त्यामुळे मोकळं पळणं अवघड झालं होतं आणि संघ घट्ट गोळा होऊन खेळायचे.

११. हेल्मेट केव्हा आलं?

१८९३ च्या आर्मी–नेव्ही (अमेरिकेच्या लष्करी आणि नौदल अकादमींच्या) सामन्यात नेव्हीच्या जोसेफ मेसन रीव्ह्जने चर्मकाराकडून टोपी शिवून घेतली, कारण डोक्याला पुन्हा मार बसला तर धोका आहे असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. बाकीचे त्या काळात केस वाढवायचे, तेवढाच बचाव. कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेटची सक्ती झाली थेट १९३९ मध्ये.

१२. १९०५ मध्ये रूझवेल्टने फुटबॉलवर बंदी घातली होती, हे खरं का?

खरं नाही, आणि तसा अधिकारही राष्ट्राध्यक्षाला नव्हता. थिओडोर रूझवेल्टला खेळ आवडायचा. त्याचा मुलगा त्याच हंगामात हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता. ९ ऑक्टोबर १९०५ ला त्याने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ स्वच्छ करा असं सांगितलं, एवढंच.

त्या वर्षी १८-१९ खेळाडू दगावल्याचा आकडा वर्तमानपत्रांनी दिला. तो उद्धृत करताना लक्षात ठेवा: त्यातले बहुतेक शाळकरी किंवा क्लबचे खेळाडू होते, कॉलेजचे थोडे. त्यांतल्या युनियन कॉलेजच्या हॅरल्ड मूरच्या मृत्यूने वातावरण तापलं. २५ नोव्हेंबरचा तो सामना न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीविरुद्ध होता. तिथले प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनी डिसेंबरमध्ये कॉलेजांची बैठक बोलावली. त्यातून १९०६ मध्ये जी संघटना निघाली, तिचंच १९१० मध्ये एनसीएए झालं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची आजची मुख्य संघटना.

प्रत्यक्ष बंदी घातली ती एकेका कॉलेजने. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया काही वर्षं रग्बीकडे गेले. कोलंबियाने १९०५ नंतर फुटबॉल बंदच केला, तो १९१५ मध्ये परत आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, तेव्हा तिथे फुटबॉल कसा होता, असं काही जण विचारतात. त्यांच्या पहिल्या दोन हंगामांत कोलंबियाचा संघच नव्हता.

याआधी १८९७ मध्ये जॉर्जिया राज्यात कायद्याने बंदी येता येता राहिली. जॉर्जिया विद्यापीठाचा खेळाडू व्हॉन गॅमन सामन्यात दगावल्यावर विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं, पण बंदी नको असं खुद्द त्याच्या आईने लिहिलं आणि राज्यपालांनी सही केली नाही.

१३. चेंडू हाताने पुढच्या दिशेला फेकायला (पास) परवानगी मिळाल्यावर खेळ लगेच मोकळा झाला का?

नाही, कारण १९०६ चा नियम हात बांधून पोहायला सांगणारा होता. पास कुणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर चेंडू थेट विरोधी संघाला. गोलरेषेपलीकडे पडला तरी तेच. शिवाय चेंडू मागे दिलेल्या जागेपासून उजवीकडे किंवा डावीकडे किमान पाच यार्ड सरकूनच पास रेषा ओलांडू शकत होता. हे मोजायला पंचांना उभ्या रेघाही लागायच्या, म्हणून त्या वर्षांतल्या फोटोंत मैदान चौकटी-चौकटींचं दिसतं. जुन्या फोटोचं साल ओळखायची ही चांगली खूण आहे.

पाच यार्डांऐवजी दहा यार्डांची अट त्याच वर्षी आली, प्रयत्न मात्र तीनच राहिले. चौथा १९१२ मध्ये मिळाला. मैदान रुंद करण्याचाही प्रस्ताव होता, पण हार्वर्डचं १९०३ चं काँक्रीटचं स्टेडियम त्याच्या आड आलं.

पहिला कायदेशीर पास ५ सप्टेंबर १९०६ ला सेंट लुइस युनिव्हर्सिटीच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने कॅरल कॉलेजविरुद्ध फेकला. तो खाली पडला आणि चेंडू गेला. त्याच सामन्यात नंतरचा पास मात्र जॅक श्नायडरने पकडून टचडाउन केलं. पूर्वेकडच्या बड्या संघांनी तिकडे लक्ष दिलं नाही. १ नोव्हेंबर १९१३ ला नोत्र दामने आर्मीला ३५–१३ हरवलं, गस डोरायच्या पासांनी आणि ते झेलणाऱ्या न्यूट रॉकनीच्या जोरावर, तेव्हा सगळे जागे झाले. पास नोत्र दामने शोधला, हा समज त्यातूनच पसरला.

१४. कार्लाइल हे कॉलेज होतं का? आणि कृष्णवर्णीय खेळाडू तेव्हा होते का?

कार्लाइल कॉलेज नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या लष्करी छावणीत १८७९ मध्ये सुरू झालेली ती सरकारी निवासी शाळा. मूळनिवासी मुलांचे केस कापून, भाषा आणि नावं काढून घेऊन त्यांना ‘सुधारायचं’ हा तिचा हेतू. तिथल्या संघाने मात्र मोठमोठ्या कॉलेजांना घाम फोडला, म्हणून नोंदवह्यांत तो कॉलेज संघांबरोबरच मोजतात. १९०३ ला हार्वर्डविरुद्ध किकऑफ झेलताच सगळे गोळा झाले आणि चेंडू चार्ल्स डिलनच्या जर्सीत पाठीकडून सरकवला. कमरेला आधीच इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. हार्वर्डवाले चेंडू शोधत राहिले आणि डिलन दोन्ही हात मोकळे हलवत गोलरेषेपलीकडे. तरी सामना एका गुणाने गेला. १९१२ मध्ये जिम थॉर्पच्या संघाने आर्मीला २७–६ हरवलं. आर्मीच्या बाजूने पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर खेळत होता. शाळा १९१८ मध्ये बंद झाली.

हार्वर्डचा विल्यम हेन्री लुइस १८९२ आणि १८९३ मध्ये ऑल-अमेरिका संघात (देशभरातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी) निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. कृष्णवर्णीयांच्या दोन कॉलेजांतला पहिला सामना २७ डिसेंबर १८९२ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्झबरीत झाला. त्यात बिडलने लिव्हिंगस्टनला हरवलं.

१५. जुन्या नोंदीत कॉलेजचं नाव सापडतं, पण आजचं त्याच नावाचं कॉलेज वेगळंच निघतं. काय करायचं?

ही फसगत नेहमीची आहे. १८६९ च्या कागदांतलं ‘कॉलेज ऑफ न्यू जर्सी’ म्हणजे प्रिन्स्टन. त्याने १८९६ मध्ये नाव बदललं. आज त्याच नावाने ओळखलं जाणारं कॉलेज वेगळं. प्रश्न ७ मधली केंटकी युनिव्हर्सिटी म्हणजे आजची ट्रान्सिल्व्हेनिया. युनिव्हर्सिटी ऑफ केंटकी नव्हे. बिडल म्हणजे आजची जॉन्सन सी. स्मिथ. नावाबरोबर गाव जुळवून पाहिलं की बहुतेक घोळ सुटतात.

पूर्वेकडच्या जुन्या विद्यापीठांच्या ‘आयव्ही लीग’ची तऱ्हाही अशीच. येल–प्रिन्स्टनच्या १८८० च्या सामन्याला आयव्ही लीगचा सामना म्हणणं चूक, कारण ती लीग रीतसर झाली १९५४ मध्ये.

१६. १८६९ चं राष्ट्रीय विजेतेपद कुणाचं?

याद्यांमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन दोघांचं. सामने दोनच, संघ दोनच, एकेक विजय. त्या काळी असं विजेतेपद कुणी देत नव्हतं. अनेक दशकांनंतर अभ्यासकांनी मागे जाऊन ती ठरवली. प्रिन्स्टन २८ आणि येल २७ विजेतेपदं सांगतं ती याच प्रकारातली. लिहिताना ‘नंतर ठरवलेलं’ हे शब्द घालावेत.

१७. पहिल्या सामन्याची जागा आज पाहता येते का?

येते, पण बरेच जण चुकीच्या ठिकाणी जातात. रटगर्सचं आत्ताचं स्टेडियम रॅरिटन नदीपलीकडे, पिस्कॅटवेत आहे. १८६९ चा सामना अलीकडच्या काठावर, न्यू ब्रन्सविकमध्ये झाला, आणि त्या मैदानावर आता कॉलेज ॲव्हेन्यू जिमखान्याची इमारत उभी आहे. एडिसन परिसरात नातेवाइकांकडे उतरला असाल तर न्यू ब्रन्सविक लागूनच आहे. ट्रेनने गेलात तर स्टेशनवरून चालत जाता येतं. सामन्याच्या दिवशी गाडी नेणं टाळा.